वरच्या कंपनीचा शेअर

मनीषा आमच्या घरी राहायला आली त्या दिवशी मायने वांग्याचं भरीत केलं होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चं तेल आणि ठेचलेली हिरवी मिरची, असं आमचं रविवारचं जेवण असे. भरिताचं पातेलं बापूंच्या उजव्या हाताला असायचं आणि ते आधी मला वाढायचे, मग स्वतः घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी डाव उचलला, माझ्या ताटावरून हात पुढे नेला आणि मनीषाच्या ताटात भरीत वाढलं. पाहुणी होती, पहिलाच दिवस होता, यात वावगं काही नव्हतं. पण माझा घास तोंडातच राहिला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयाच्या मुलीने भरितावरून मनात धरावं, हे आज लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतं. तरी पुढे जे सांगायचं आहे त्याची सुरुवात तिथूनच झाली, म्हणून तिथूनच सांगते.

मनीषा माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे बापूंच्या थोरल्या भावाची मुलगी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि मोठ्या बाबांनी दुसरं लग्न केलं होतं. धरणगावच्या त्या घरात तिच्यासाठी जागा होती, पण तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. बी.कॉम.ला ती कॉलेजात पहिली आली आणि मोठ्या बाबांनी बापूंना निरोप पाठवला, की पोरीला सुरतला कुठे चिकटवता आलं तर बघ. बापूंनी तिला घरीच आणलं. महिन्याभरात रिंग रोडवरच्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात तिला कामही मिळालं. सकाळी साडेआठला डबा घेऊन निघायची, संध्याकाळी सहाला परत. येताना तिच्या अंगाला नव्या कागदांचा आणि एअर कंडिशनचा वास असायचा. मी उधन्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या अंगाला बहुतेक वेळा मायच्या लसणाचा वास यायचा.

डिंडोलीतलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, पुढे पत्र्याची एक खोली आणि वर गच्ची. गल्लीत सगळी खानदेशचीच माणसं, पारोळ्याची, शिरपूरची, शहाद्याची. दारात भाजीवाल्याशी गुजराती, बसमध्ये हिंदी, आणि उंबऱ्याच्या आत आलं की अहिराणी. मागच्या बाजूला यंत्रमागांची शेड होती. तिथला खटाखट आवाज दिवसभर चालायचा आणि आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. वीज गेली की मात्र एकदम कान उघडल्यासारखे व्हायचे, मग दूरची भुसावळची गाडीसुद्धा ऐकू यायची. बापू मागावर नव्हते. कामरेजच्या पुढे हायवेला लागून सूत तयार करण्याचा एक मोठा कारखाना होता, तिथे ते फिटर होते. संध्याकाळी कंपनीची बस नाक्यावर सोडायची. ते हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे, माय चहा आणायची आणि मी पेपर घेऊन त्यांच्याशेजारी बसायचे.

बापू चौथी शिकलेले. वाचता यायचं, पण अक्षर अक्षर लावून, आणि त्याची त्यांना लाज वाटायची. म्हणून मी दुसरीत गेले तेव्हापासून घरातला पेपर मी वाचायचा आणि बापूंनी डोळे मिटून ऐकायचा, असं ठरून गेलं होतं. गावाकडची मराठी बातमी, सुरतची गुजराती बातमी, अपघात, बाजारभाव, सगळं. मध्येच ते डोळे न उघडता म्हणायचे, "पोरी, ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायचे. मला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. त्या अर्ध्या तासात बापू पूर्णपणे माझे असायचे. मैत्रिणी सिनेमाला बोलवायच्या तरी मी त्या वेळेला घर सोडत नसे.

मनीषा आल्यावर पहिले काही दिवस ती आमच्याजवळ बसून नुसतं ऐकायची. मग एकदा मी शेअर बाजाराच्या पानावरचा एक मथळा वाचला आणि बापूंनी विचारलं, "म्हणजे काय?" मला सांगता येईना. मनीषाने दोन वाक्यांत सांगितलं, अगदी सोपं करून, बापूंच्या कारखान्याचंच उदाहरण देऊन. बापूंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत माझ्या वाचण्याने त्यांनी कधी डोळे उघडले नव्हते. पंधरा दिवसांत ते पान तिच्याकडे गेलं. महिन्याभरात अख्खा पेपर गेला, कारण ती वाचता वाचता समजावूनही सांगायची. मी आत मायजवळ लसूण सोलत बसायचे आणि बाहेरून बापूंचा आवाज यायचा, "मनीषा, पोरी, ते पुन्हा सांग."

"पोरी" हा शब्द तिला लागला, ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

त्या वर्षी बापू निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आले. मायचं त्या पैशांवर एकच मागणं होतं. पुढच्या पत्र्याच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायची. मायचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, आमच्या भागात प्रसिद्ध होते. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळून आणायची, मग मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, मिरची घालून शिजवायची आणि गच्चीवर ओल्या धोतरावर हाताने एकेक थापायचा. हे सगळं ती कितीही करायला तयार होती, पण डोक्यावर डबा घेऊन दुसऱ्याच्या घंटीवर जाऊन रांगेत उभं राहायचं तिला नको होतं. सुरतेत गिरणीला घंटी म्हणतात. "मनी सोतानी घंटी," ती म्हणायची. आपली स्वतःची. एवढंच.

बापूंच्या मनात मात्र दुसरंच काही घोळत होतं. त्यांच्या शेठच्या पाच-सहा कंपन्या होत्या. सुताचा कारखाना, सिमेंटचा, एक साखरेचा, आणखी कुठे कुठे. या सगळ्यांच्या वर एक कंपनी होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, घरात आम्ही तिला वरची कंपनी म्हणायचो. कारखान्यातल्या साहेब लोकांनी तिचे शेअर घेतले होते आणि निरोपाच्या दिवशी एका साहेबाने बापूंना सांगितलं होतं, पाटील, फंडातले थोडे तिच्यात टाका, म्हातारपणाची काळजी मिटेल. शेठ वर्षातून एकदा कारखान्यात यायचे आणि कामगारांच्या पंगतीत बसून जेवायचे. एकदा त्यांनी बापूंच्या खांद्यावर हात ठेवून मशीनबद्दल विचारलं होतं. ते बापू कधी विसरले नाहीत.

बापूंनी विषय काढला तो सगळ्यांसमोर, चहाच्या वेळी. "मनीषा, ती वरनी कंपनी काय करस?"

"काहीच करत नाही, काका," मनीषा म्हणाली. "तिचा कारखाना नाही, दुकान नाही, माल नाही. बाकीच्या कंपन्यांचे शेअर तिच्याकडे आहेत, ते ती नुसते धरून बसते. म्हणून तिला होल्डिंग कंपनी म्हणतात."

"मंग तिनाकडे कमाई कशी?"

"खालच्या कंपन्या नफ्यातून थोडं वर पाठवतात. पण खरी गोष्ट वेगळीच आहे." ती मायकडे वळली, कारण मायच्या कपाळाला आठी पडली होती. "काकू, समजा एक पेटी आहे. तिच्यात शंभर रुपयांचे दागिने आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाजारात ती पेटी तीस रुपयांना मिळतेय. या कंपनीचं तसं आहे."

माय बिबड्यांची चळत बांधत होती. तिने गाठ मारली आणि विचारलं, "किल्ली कोनाकडे ऱ्हास?"

"शेठकडे."

"मंग तीसले बी महागच शे," माय म्हणाली आणि चळत उचलून आत गेली.

बापू हसले. मनीषा हसली नाही. ती म्हणाली, "काका, काकूंचं अगदीच चूक नाही. म्हणूनच ती स्वस्त असते. मला महिनाभर द्या. मी तिचा अहवाल मागवते, नीट वाचते आणि मग सांगते."

आता माझा मुलगा फोनवर बोट फिरवून दोन मिनिटांत शेअर घेतो आणि दोन मिनिटांत विकतो. तेव्हा कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणजे जाड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक असे. मनीषाने ऑफिसातून ते आणलं. रोज संध्याकाळी ती आणि बापू ओट्यावर ते उघडून बसायचे. ती आकड्यांवर पेन्सिल ठेवायची आणि बापू चष्मा लावून वाकून बघायचे. बापूंना तो चष्मा लावलेला मी क्वचितच पाहिला होता. माझ्यासमोर त्यांना त्याची गरज पडली नव्हती. मी चहा द्यायला जायचे तेव्हा दोघांची डोकी जवळ असायची आणि कप कुठे ठेवू हे मला विचारावं लागायचं. एकदा बापूंनी वर न बघताच जमिनीकडे हात केला. मी कप ठेवला आणि आत येऊन मायवर उगाच चिडले. पोंकाचा हंगाम होता. पूर्वी बापू नाक्यावरून कोवळ्या ज्वारीचा पोंक आणायचे तो लिंबू-मिऱ्याची शेव घालून, कारण मला ती आवडायची. त्या वर्षी मनीषाला साखरेची गोळी घातलेला आवडतो म्हणून ते तसा आणू लागले. मी पोंक खाणं सोडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग मी तो अहवाल वाचायचं ठरवलं. तो समजून घ्यावा म्हणून नव्हे, तर तिची चूक सापडावी म्हणून. मनीषा ऑफिसला जायची, बापू दुपारी झोपायचे, माय गच्चीवर असायची. मी तिच्या घरी ठेवलेल्या पिशवीतून पुस्तक काढायचे, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवायचे आणि एकेक ओळ लावायचे. मला जमाखर्चातलं काही कळत नव्हतं. पहिला आठवडा नुसते शब्द शोधण्यात गेला. पुढच्या रंगीत पानांवर शेठचा फोटो होता, कारखान्यांचे फोटो होते, आकडे चढत चाललेले दाखवले होते. तिथे मला काही सापडलं नाही. पण मत्सराने माणूस किती चिकाटीचं होतं, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकले. परीक्षेसाठी मी कधी एवढा अभ्यास केला नव्हता.

पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत टिपा होत्या. दोन दोन ओळींच्या, कंटाळवाण्या. त्यांतल्या एका टिपेत एक शब्द आला, त्याचा अर्थ शब्दकोशात गहाण असा दिला होता. मी ती टीप चार वेळा वाचली. वरच्या कंपनीने आपल्याजवळचे बरेचसे शेअर गहाण ठेवले होते. स्वतःसाठी नव्हे, तर आणखी एका कंपनीने कर्ज काढलं होतं तिच्यासाठी. ती कंपनी कुणाची, हे दुसऱ्या एका पानावर सापडलं. शेठच्या घरच्या माणसांची. म्हणजे मनीषा ज्या पेटीचं सांगत होती तिच्यातले दागिने आधीच सावकाराकडे गेले होते. त्या घरच्या कंपनीला कर्ज फेडता आलं नाही तर पेटीत उरणार होतं ते फार थोडं.

मला जो आनंद झाला तो मी आयुष्यात फार कमी वेळा अनुभवला आहे. मी पुस्तक होतं तसं पिशवीत ठेवलं आणि गच्चीवर जाऊन मायसोबत बिबडे थापू लागले. मायने विचारलं, आज काय झालं, गाणं म्हणतेस? मी म्हटलं, काही नाही. रविवारी मनीषा आपला निर्णय सांगणार होती. मी ठरवलं, तिला पूर्ण बोलू द्यायचं, आणि मग सगळ्यांसमोर ते पान उघडायचं.

शनिवारी बापूंना कारखान्यातून काही कागद आणायचे होते. ते मनीषाला बरोबर घेऊन गेले, इंग्रजी फॉर्म भरायचे म्हणून. मीही येते म्हटलं तर बापू म्हणाले, "तू मायजवळ थांब. तठे तुनं काय काम?" दोघं दुपारी उशिरा परतले. मनीषा गप्प होती. थकली असेल, असं मला वाटलं.

रविवारी जेवणं झाल्यावर चौघं बाहेरच्या खोलीत बसलो. मनीषाने वही उघडली. ती नेहमीसारखी बोलत नव्हती, शब्द मोजून काढत होती. कंपनीकडे काय काय आहे, त्याची बाजारात किंमत काय, शेअर कितीला मिळतो. मग म्हणाली, "स्वस्त आहे, हे खरं. जोखीमही आहे. शेठवर विश्वास असेल तर घ्यावा, नसेल तर घेऊ नये." आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, "रेखा, तुला काय वाटतं?"

पान मला पाठ होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बापू हसले. रागाने नाही, कुत्सितपणेही नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. "तिले काय इचारस," ते म्हणाले. "तिले यामधलं काय समजस? ती कविता वाचनारी पोर शे."

माझे उघडलेले ओठ मिटले. तीन आठवडे मी ते पुस्तक उकरलं होतं ते बापूंनी माझ्याकडे बघावं म्हणून, हे मला त्या क्षणी कळलं. आणि ते मनीषाकडेच बघत होते. माझ्या मनात अगदी स्पष्ट विचार आला, तो मी आज जसाच्या तसा लिहिते: घेऊ देत. बुडू देत. मग बघू पोरी कुणाला म्हणतात.

"मला काही कळत नाही यातलं," मी म्हटलं.

माय म्हणाली, "मनी घंटी?"

"येनारा वरीसले दोन घंट्या टाकू," बापू म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी फंडातला मोठा भाग वरच्या कंपनीत घातला. पहिले काही महिने शेअर चढला. बापू रोज संध्याकाळी मनीषाला भाव विचारायचे आणि ऐकून मान डोलवायचे. मी आतून ऐकायचे. खरं सांगते, त्या दिवसांत भाव चढला की मला वाईट वाटायचं. माझ्याच बापाचे पैसे वाढत होते आणि ते कमी व्हावेत म्हणून मी वाट बघत होते.

ते कमी व्हायला वर्ष लागलं. शेठच्या घरची ती कंपनी कर्जात बुडाली. ज्यांच्याकडे शेअर गहाण होते त्यांनी ते बाजारात विकून टाकले. खालच्या कंपन्यांचे भाव पडले आणि वरची कंपनी तर अशी कोसळली की मनीषा भाव सांगायची तेव्हा बापूंना वाटायचं ती एखादा आकडा विसरली. त्यांनी शेअर विकले नाहीत. शेठ सावरतील, असं म्हणत राहिले. शेवटी त्या कागदांना विचारणारं कुणी राहिलं नाही.

बापू कुणाला एक शब्द बोलले नाहीत. साठी गाठलेला तो माणूस पुन्हा कामाला लागला, मागच्याच शेडमध्ये, मागांची देखभाल करायला, बारा तासांच्या पाळीत. इतकी वर्षं जो आवाज मला ऐकू येत नव्हता तो तेव्हापासून मला दिवसभर ऐकू येऊ लागला. माय पत्र्याच्या खोलीकडे न बघता डबा डोक्यावर घेऊन घंटीवर जायची. गिरणी काही आली नाही, पुढेही कधी आली नाही.

बोलले ते नातेवाईक. धरणगावहून मोठे बाबा आले आणि त्यांनी मनीषाला सगळ्यांसमोर विचारलं, काकाचं घर बुडवायला शिकलीस का? मनीषा मान खाली घालून बसली होती. बापू म्हणाले, "तिना दोष नही. मी घेतलात." पण ते इतक्या हळू म्हणाले की मोठ्या बाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मी दाराशी उभी होते. मला वाटलं होतं, या क्षणी मला बरं वाटेल. वाटलं नाही. पण मी बोललेही नाही. दोन महिन्यांनी मनीषाने बडोद्याला नोकरी धरली आणि गेली. संध्याकाळी बापू शेडमधून यायचे, ओट्यावर बसायचे. मी पेपर घेऊन गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. थकनू." तो पेपर पुन्हा सुरू झाला नाही.

पुढे माझं लग्न झालं, महापालिकेच्या मराठी शाळेत नोकरी लागली, मुलगा झाला, डिंडोलीतच घर केलं. बापू गेले. मनीषा त्यांच्या दहाव्याला आली, दिवसभर मायजवळ बसून राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने परतली. आम्ही दोघी सणावाराला फोनवर बोलायचो, मुलांचं, तब्येतीचं. मला कितीदा वाटलं सांगून टाकावं. मुलगा बारावीनंतर शेअरच्या नादाला लागला आणि एका होल्डिंग कंपनीचं कौतुक सांगू लागला, आई, निम्म्याहून कमी किमतीत मिळतेय. मी त्याला म्हटलं, आधी शेवटची पानं वाच, गहाण काय काय ठेवलंय ते बघ. तो चकित होऊन म्हणाला, तुला हे कुठून माहीत? मी विषय बदलला.

मायला जाऊन वर्ष झालं त्या हिवाळ्यात मनीषा चार दिवस राहायला आली. तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत. दुपारी जेवायला आम्ही दोघीच होतो. मी शेवभाजी केली होती. जेवता जेवता तिने बापूंचं काहीतरी काढलं आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. सगळं. तीन आठवडे तिची पिशवी उघडली ते, ती टीप, तो रविवार, आणि मुद्दाम गप्प राहिले तेही. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही.

तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत होती ती टीप."

मी वर बघितलं.

"मी वाचली होती, रेखा. माझं कामच होतं ते. शनिवारी आम्ही कामरेजला गेलो ना, तेव्हा काकांना सगळं सांगितलं. घेऊ नका, असंही सांगितलं. ते म्हणाले, शेठ असं होऊ देणार नाहीत. मी पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, घरी हे बोलू नकोस. तुझ्या काकूने गहाण हा शब्द ऐकला तर ती मला एक पैसा घालू देणार नाही."

"आणि तू गप्प बसलीस."

"मी त्यांच्या घरात राहत होते," ती म्हणाली. "त्यांना नाही म्हणून मी कुठे जाणार होते? त्या रविवारी मी तुला विचारलं ते त्यासाठीच. वाटलं, तू त्यांची मुलगी आहेस. तू सहज जरी म्हणाली असतीस की माय म्हणते ते बरोबर आहे, तरी मला बोलायला धीर आला असता." तिने ताटात बोट फिरवलं. "काकू होत्या तोवर मी बोलणार नव्हते. काकांना शब्द दिला होता."

मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे बापूंना एकाच गोष्टीची भीती होती, की तो शब्द मायच्या कानावर जाईल. आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो उच्चारला असता तर माय उठली असती, बापूंचे पैसे वाचले असते, पुढच्या खोलीत गिरणी आली असती, आणि ही बाई तीस वर्षांहून जास्त काळ सगळ्या खानदानात काकाचं घर बुडवणारी म्हणून फिरली नसती. हे सगळं मला कळलं, आणि त्याचा भार आज हे लिहितानाही आहे.

पण तेव्हा, त्या ताटावर बसलेली असताना, सगळ्यात आधी माझ्या मनात जे आलं ते वेगळं होतं. बापूंनी तिला कारखाना दाखवला होता. मी लहानपणापासून किती वेळा हट्ट धरला होता, आणि ते म्हणायचे, ती मुलींची जागा नाही. तिला नेलं, आणि तिथे आपली भीती, आपला हट्ट, घरात काय लपवायचं, हे सगळं तिला सांगितलं. मला बापूंनी असं कधी काही सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली मी, पदर सावरून बसलेली मास्तरीण, आणि माझ्यात तेच एकोणिसाव्या वर्षीचं जळणं उठलं. मी ते दाबायचा प्रयत्न केला नाही. या वयात दाबून कुणाला दाखवायचं.

"कुठे बोललात तुम्ही?" मी विचारलं.

"कारखान्याच्या गेटबाहेर. बसची वाट बघत होतो."

"बापू उभे होते की बसलेले?"

मनीषाने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं ती रागावेल, किंवा हसेल. तिने ताट बाजूला सारलं, हात धुऊन आली आणि भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसली.

"सगळं सांग," मी म्हटलं. "घरातून निघालात तिथपासून."

"आम्ही नाक्यावर गेलो," ती म्हणाली. "काकांनी बदामी रंगाचा सदरा घातला होता. बस यायला उशीर होता."

मी ऐकायला लागले.